रेलवाली बाई

मला राग लवकर येतो, आणि रेकॉर्डच्या बाबतीत तर तो नाकाच्या शेंड्यावरच असतो, हे आधीच सांगून टाकते. माझ्या रेकॉर्डला कुणी मधोमध बोटं लावली, की मी पाहुणा-बिहुणा काही बघत नाही. यवतमाळच्या एका कॉलेजात मी फिजिक्स शिकवते. घरात साडेचारशे रेकॉर्ड आहेत, सगळ्या जुन्या रॉकच्या, आणि त्यातल्या एकाही बँडचं नाव तुम्ही ऐकलेलं नसणार. तीच माझी अट आहे. जगाने ज्यांना डोक्यावर घेतलं त्यांना माझी काय गरज? मला हवे असतात पन्नास वर्षांपूर्वी एकच रेकॉर्ड काढून गपगार झालेले लोक.

रविवारी सकाळी माझा नवरा कपिल पोहे करतो आणि मी असली एखादी रेकॉर्ड लावते. सुई टेकली की आधी थोडी खरखर येते, आणि मग ज्यांना कुणी ओळखत नाही असे चार-पाच जण आमच्या बैठकीत जीव तोडून वाजवायला लागतात. मला त्या वेळी फार आनंद होतो. इतका, की मी कपिलवर उगाच खेकसायचीसुद्धा विसरते.

"समीक्षा, तुझ्या या बँडांना त्यांच्या आयांनी तरी ऐकलं होतं का गं?" कपिल विचारतो.

"तू कांदा बारीक चीर," मी म्हणते.

या साडेचारशेंत एक कव्हर रिकामं होतं. तेरा वर्षांपूर्वी नागपूरला एका रद्दीवाल्याकडे जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यात ते सापडलं. १९७४ सालचं. रुळांवर उभी असलेली पाच पोरं, पायात बेलबॉटम, केस खांद्यापर्यंत, आणि वर नाव 'द लेव्हल क्रॉसिंग'. रेल्वे कॉलनीतल्या पोरांनी पदरमोड करून काढलेली रेकॉर्ड. मागच्या बाजूला गाण्यांचे शब्द छापलेले होते. पहिलंच गाणं मालगाडीच्या शेवटच्या डब्याचं. त्या डब्यात एकटा बसलेला गार्ड, त्याच्याजवळ कंदील, आणि तो गार्ड म्हणजे गाणाऱ्याचा बाप. खाली लिहिलं होतं, 'ड्रम्स आणि आवाज : डेव्ही'. सगळं होतं, फक्त आत रेकॉर्ड नव्हती. शब्द पाठ आणि चाल माहीत नाही, अशी माझी तेरा वर्षं गेली.

तीन वर्षांपूर्वी रेल्वेच्या पेन्शनरांकडे विचारत विचारत मी त्या डेव्हीपर्यंत पोचले. त्यांचं नाव देवीलाल. रॉक बँडमध्ये देवीलाल शोभत नाही म्हणून पोरांनी डेव्ही केलेलं. पुढे तेही बापासारखे मालगाडीचे गार्ड झाले आणि गार्ड म्हणूनच रिटायर झाले. पंचाहत्तर वर्षांचे, सडसडीत, आणि बोलताना बोटं सतत टेबलावर वाजणारी.

"तीनशे कॉप्या काढल्या होत्या मॅडम," ते म्हणाले. "पन्नासेक लोकायले फुकट वाटल्या. बाकीच्या एका दोस्ताच्या गोदामात होत्या, थे गोदामच गेलं. माह्याजवळची शेवटची कोनी तरी ऐकाले नेली ते नेलीच. पयले बापाले ऐकवली होती. थो दोन मिनिटांत झोपून गेला."

मी हसले. ते हसले नाहीत.

"एकडाव ऐकाची हाय," ते म्हणाले. "मरायच्या आंधी एकडाव. बस."

मी शब्द देऊन बसले. रेकॉर्ड शोधून देईन आणि ती माझ्या मशीनवर, नीट, जशी वाजायला हवी तशी ऐकवीन. त्यानंतर दर दिवाळीला त्यांचा फोन यायचा. रेकॉर्डचं नाव ते काढायचे नाहीत, पण फोन ठेवायचेही नाहीत.

या वर्षी मार्चमध्ये आमच्या लॅबमधला संजय राठोड त्याच्या बंजारा तांड्यावरच्या एका लग्नाचा व्हिडिओ सगळ्यांना दाखवत होता. त्याचा तांडा फुलसावंगीजवळ. वरात मांडवाशी येतेय, फटाके, धूळ, बायका-पुरुष बेभान नाचतायत, आणि मागे भोंग्यातून एक चिरक्या आवाजाची बाई इंग्रजीत गातेय. ढोल धडधड, धडधड. मी चहा पीत होते. आणि त्या गोंगाटातून मला तीन शब्द ऐकू आले. माझ्या कव्हरच्या मागच्या बाजूचे, दुसऱ्या ओळीतले.

मी संजयच्या हातातून फोन हिसकावला. व्हिडिओचा वेग पाऊणपट केला. बाईचा आवाज खाली आला, खाली आला, आणि त्याचा जाड पुरुषी आवाज झाला. मी स्टाफरूममध्ये ओरडले. नक्की काय ओरडले ते आठवत नाही, पण प्राचार्य बाहेर आले होते.

गणित सोपं होतं. मिनिटाला तेहतीस फेरे घेणारी रेकॉर्ड तांड्यावर पंचेचाळीसच्या वेगाने वाजत होती. पुरुषाची बाई झाली होती आणि रडक्या गाण्याची वरात.

"थे रेलवाली बाई हाय मॅडम," संजय म्हणाला. "आमच्याकडं तिच्याबिगर लगन लागत नाई. माह्या काकाची साउंड सर्व्हिस हाय ना, बाबुलाल काका. त्यायच्याजवळ हाय रेकॉर्ड."

त्याच दिवशी मी बाबुलालभाऊंना फोन लावला. रेकॉर्ड विकत मागितली, बदल्यात नवंकोरं मशीन देते म्हटलं.

"रेकॉर्ड कायले इकू बाप्पा?" ते म्हणाले. "आमच्या पोरींचे लगनं कशे लागतीन मंग? सोळा मेले माह्या नातनीचं लगन हाय, उर्वशीचं. तुमी या. ऐका, जेवा, खुशाल राहा."

म्हणून सोळा मेला सकाळी आम्ही निघालो. देवीलालजी आदल्या दिवशीच नागपूरहून एसटीने आले होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. कपिल गाडी चालवत होता. डिकीत नवं मशीन, आणि माझ्या मांडीवर ते रिकामं कव्हर. मनातून मी ठरवलं होतं की रेकॉर्ड या कव्हरात घालूनच परत यायचं. गोड बोलून, भांडून, कसंही.

आर्णी गेलं, महागाव गेलं. देवीलालजींची बोटं रस्ताभर गुडघ्यावर वाजत होती.

"मॅडम, आवाज चांगला हाय ना हो माहा त्याच्यात?" त्यांनी तीनदा विचारलं.

तांड्यावर ती बाई झालीय हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. सांगायचा धीर झाला नाही. ज्या माणसाने पन्नास वर्षं आपलं गाणं ऐकलं नाही, त्याला ते आधी नीट ऐकू द्यावं, असं मला वाटत होतं.

बाबुलालभाऊंनी आमचं उठून स्वागत केलं. साठी ओलांडलेला, मिशीला डाय लावलेला, मांडवभर धावणारा माणूस. त्यांच्या आई धुरपताबाई बाजेवर बसल्या होत्या. पंच्याऐंशीच्या, अंगावर आरशांचा घागरा, आणि नजर अशी की आमच्या प्राचार्यांनी शिकवणी लावावी. रेकॉर्ड त्यांच्या ताब्यात असते. काचा आणि कवड्या लावलेल्या कापडी पिशवीत घालून ती गव्हाच्या कोठीत पुरून ठेवतात, उन्हाने वाकू नये म्हणून. मी हजारोंची कपाटं घेतली, मला हे सुचलं नव्हतं.

त्यांनीच मला सगळा इतिहास सांगितला. त्यांचे यजमान खेमसिंग यांनी दिग्रसच्या एका दुकानातून जुन्या रेकॉर्डचा गठ्ठा आणला, त्यात ही बिनकव्हराची निघाली. नणंदेच्या लग्नात उन्हाने सिनेमाच्या सगळ्या रेकॉर्ड वाकड्या झाल्या, वरात तर दारात आलेली. उरली ही एकटी. लावली. नवरदेवाकडचे रुसून बसलेले मामा बैलगाडीतून उड्या टाकून नाचायला लागले.

"त्या जोडप्याले सात लेकरं झाले," धुरपताबाई म्हणाल्या. "तवापासून हरेक लगनात हे बाई गाते. ढोल रेलगाडीवानी धडधडते म्हून रेलवाली. पन एका लगनात एकच डाव. सुई एकदा टेकली, एकदा उचलली. दुसऱ्यांदा वाजवलं तं रेकॉर्ड झिजते, अन् बाईचा गळाबी बसते."

पन्नास वर्षांत रेकॉर्ड का खराब झाली नाही ते मला कळलं.

मी देवीलालजींना पुढे केलं. "याडी, हे गाणं यांनी म्हटलंय."

याडी म्हणजे आई, एवढं संजयकडून शिकून गेले होते. धुरपताबाईंनी देवीलालजींना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मग बाजेवरच्या सगळ्या बायका हसायला लागल्या.

"हे मानूस?" धुरपताबाई म्हणाल्या. "गानारी तं बाई हाय!"

देवीलालजींचा चेहरा उतरला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, ही दुसरी कोनती तरी रेकॉर्ड असन," ते हळूच म्हणाले. "जाऊ द्या."

आणि इथे माझं डोकं फिरलं. मशीन मांडवामागे एका टेबलावर ठेवलेलं होतं. जुनं, लोखंडी, पाट्याएवढं जड. वेग बदलायचा दांडा होता, पण तो गंजून पंचेचाळीसवर घट्ट बसला होता. तो हलतो हेच कुणाला माहीत नव्हतं. बाबुलालभाऊ त्याला खिळा समजून त्यावर टॉवेल अडकवायचे. वरात यायला तास होता, सगळे आपापल्या गडबडीत. मी कपिलला शिलाई मशीनचं तेल मागून आणायला लावलं.

"विचार तरी कुणाला," कपिल म्हणाला.

"दुरुस्तीला काय विचारायचं?" मी म्हटलं.

वीस मिनिटांत दांडा सुटला. मी तो पंचेचाळीसवरून सरकवून तेहतीसवर आणला, हात पुसले आणि स्वतःवर बेहद्द खूश झाले. या लोकांना आज पहिल्यांदा खरं गाणं ऐकू येईल, देवीलालजींचा मान त्यांना मिळेल, आणि मग रेकॉर्ड माझ्या कव्हरात यायला किती वेळ?

बारा वाजता वरात आली. ऊन मी म्हणत होतं. दोन-तीनशे माणसं मांडवाशी दाटली, पोरांनी कमरेला रुमाल बांधले, बायका पुढे सरकल्या. धुरपताबाईंनी पिशवीतून रेकॉर्ड काढली. फक्त कडा धरून, मधे बोट न लावता. मला त्या क्षणी त्या फार आवडल्या. बाबुलालभाऊंनी सुई टेकवली.

खरखर झाली. मग ढोल पडला. धड. बऱ्याच वेळाने दुसरा. धड. आणि एक जाड, थकलेला पुरुषी आवाज मांडवावर पसरला.

पहिल्या ठेक्याला उचललेले दोनशे पाय हवेतच राहिले. नवरदेवाच्या मामाने घेतलेली गिरकी अर्ध्यात सोडली आणि तो शेजारणीवर आदळला. कुणी आभाळाकडे पाहिलं, कुणी भोंग्याकडे. एक पोरगं रडायला लागलं. घोड्यावरचा नवरदेव घाबरून खाली उतरला.

"कांई वेगो?" धुरपताबाई ओरडल्या. काय झालं? "बाईले काय झालं? बाई बिमार पडली का? बाबुलाल!"

"मशीन बिघडलं याडी!" बाबुलालभाऊ घामाने निथळत होते. सुई उचलावी तर एकच डाव, आणि चालू ठेवावी तर लग्नाचं सुतक झालेलं. मांडवात उर्वशी हळदीच्या हातांनी तोंड झाकून उभी होती. ती रडत होती. तिच्या पणजीच्या नणंदेपासून नाचत आलेली वरात मी माझ्या शहाणपणाने थांबवली होती. जमीन फाटावी आणि मी तिच्यात जावं असं मला वाटलं. आयुष्यात प्रथमच मला राग आला नाही, नुसती लाज वाटली.

तेवढ्यात मी देवीलालजींकडे पाहिलं. ते टेबलाला धरून उभे होते. डोळे मिटलेले, ओठ हलत होते. आणि हळूहळू त्यांचा आवाजही निघाला. म्हातारा, फाटका, पण भोंग्यातल्या आवाजाशी शब्दाला शब्द लावून. शेवटच्या डब्यातला कंदील, त्याच्याजवळ बसलेला बाप. आजूबाजूची माणसं एकदा भोंग्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघायला लागली. बाबुलालभाऊंचं तोंड उघडं राहिलं.

"याडी," ते म्हणाले, "आवाज तं या मानसाचाच हाय."

एक कडवं पूर्ण झालं. देवीलालजींनी डोळे उघडले, शर्टाच्या बाहीने पुसले आणि माझ्याकडे वळले.

"ऐकलं मॅडम," ते म्हणाले. "मन भरलं. आता सांगा, हे लोक कसे वाजवते? कोनता स्पीड?"

मी दांड्याशेजारच्या ४५ या आकड्याकडे बोट दाखवलं.

"पंचेचाळीस?" ते म्हणाले. त्यांनी मांडवातल्या त्या थिजलेल्या माणसांकडे पाहिलं, हवेत रुमाल धरून राहिलेल्या पोरांकडे पाहिलं. "माह्या बापाले यावर झोप आली होती मॅडम. हे लोक यावर नाचते?"

आणि सुई न उचलता, रेकॉर्ड फिरत असतानाच, त्यांनी स्वतःच्या हाताने दांडा सरकवला.

आवाज चढायला लागला. ढोल जवळ आले, आणखी जवळ आले, लांबवर थांबलेली गाडी सुटावी तसे. जाड आवाज पातळ झाला, पातळचा चिरका झाला, आणि रेलवाली बाई खणखणीत गळ्याने मांडवात हजर झाली. जो गलका उठला तो फुलसावंगीपर्यंत गेला असेल. मामांनी राहिलेली गिरकी पूर्ण केली. नवरदेव घोडा सोडून पायीच नाचत सुटला. उर्वशी हसायला लागली, हळद गालभर फासलेली. देवीलालजींनी स्टीलच्या दोन चमच्यांनी टेबलावर ठेका धरला, तोच, पंचेचाळीसचा, जणू जन्मभर तो असाच वाजवत आलेत. मग बायकांनी त्यांना ओढून मधे नेलं. कपिल नाचला. मीही नाचले. मला नाचता येत नाही आणि त्या दिवशीही आलं नाही, पण कुणी बघत नव्हतं.

जेवणं झाल्यावर धुरपताबाईंनी देवीलालजींना बाजेवर बसवून आहेर केला. टोपी, टॉवेल, शेला. माइकवरून नाव पुकारलं गेलं, "रेलवाली बाईचे भाऊ, नागपूर!" भाऊ म्हणून. कारण गाणारी बाई आहे, यावरून त्या तसूभर हटल्या नव्हत्या. आवाज सारखा आहे म्हणजे भाऊच असणार.

"याडी, थे बाई मीच हावो," देवीलालजी हसत म्हणाले.

"असू दे, असू दे," धुरपताबाई म्हणाल्या. "बहिनीले जपजा."

मग मी गाडीकडे गेले. नवं मशीन डिकीतच राहू दिलं. कव्हर घेऊन आले. ते हातात धरून थोडा वेळ उभी राहिले, कारण तेरा वर्षं म्हणजे तेरा वर्षं. त्याच्या कोपऱ्याला लावलेली चिकटपट्टीसुद्धा माझ्या हातची होती. वाईट वाटत होतं, खोटं कशाला बोलू? पण रेकॉर्ड इथे होती. वर्षाला पाच-सहा वेळा तिला तीनशे माणसं नाचून ऐकत होती. माझ्याकडे येऊन ती कपिलचे पोहे ऐकणार होती.

मी कव्हर धुरपताबाईंच्या मांडीवर ठेवलं. "हे तिचं आहे," मी म्हटलं.

त्यांनी ते उन्हाकडे धरलं. पाच पोरांवरून बोट फिरवलं आणि सगळ्यांत लांब केसांच्या पोरावर थांबवलं. केस थेट छातीवर आलेले. त्यांचा चेहरा उजळला.

"हे काय, हेच थे बाई!" त्या म्हणाल्या. "मी म्हनो ना!"

ते बोट देवीलालजींवरच होतं. ते इतके हसले, की त्यांना पाणी द्यावं लागलं.

मग देवीलालजींनी माझ्याकडे पेन मागितलं. कव्हर उलटं केलं. तळाशी, कंपनीच्या नावाखाली, बारीक अक्षरात वेगाचा आकडा छापलेला होता, तेहतीस. त्यांनी त्यावर एक रेघ मारली, शेजारी ठळक ४५ लिहिलं आणि खाली सही केली. डेव्ही नाही. देवीलाल.

रेकॉर्ड कव्हरात गेली, कव्हर कवड्यांच्या पिशवीत, पिशवी गव्हाच्या कोठीत. बाबुलालभाऊंनी दांड्यावर परत टॉवेल अडकवला.

परतीच्या वाटेवरही कपिलच गाडी चालवत होता. महागाव मागे पडल्यावर त्याने विचारलं, "मग? साडेचारशेतलं एक कमी झालं. काय मिळालं?"

"अकरा जूनला पुढचं लग्न आहे," मी म्हटलं. "रजा टाक."

मागच्या सीटवर देवीलालजी डोक्यावर नवी टोपी, गळ्यात शेला घालून खिडकीबाहेर बघत होते. बोटं गुडघ्यावर वाजतच होती. मी कान देऊन ऐकलं. सकाळपेक्षा ती कितीतरी जोरात चालली होती.